दाबलेल्या हिमाचे कण त्रिमितीत मोजताना

नवख्याला वाटतं, नमुना सीटी स्कॅनरमध्ये ठेवला की कण आपोआप मोजले जातील. पण दाबलेल्या हिमात सुटे कण नसतातच. ते मानेसारख्या जोडांनी एकमेकांना चिकटलेले असतात आणि एक्स-रेला फक्त बर्फ आणि हवा यांतला फरक कळतो. एक कण कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे ठरवावं लागतं. सगळी मेख तिथेच आहे.

आधी वजन करा. ३५ मिमी व्यासाची, ५० मिमी उंचीची नळी म्हणजे सुमारे ४८ घन सेंटिमीटर. आत २४ ग्रॅम हिम असेल तर घनता साधारण ५०० किलो प्रति घनमीटर. शुद्ध बर्फाची ९१७, म्हणजे बर्फाचा वाटा ०.५४ च्या आसपास. स्कॅनमध्ये करडेपणाची सीमारेषा (कुठल्या छटेपासून बर्फ मानायचा ती) ठरवल्यावर हाच आकडा यायला हवा. ०.६० आला तर सीमा चुकली किंवा नमुना भरताना दाबला गेला. हा ताळा न करता पुढे जाणाऱ्यांची संख्या चिंताजनक आहे!

व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वात लहान ठोकळा, १५ ते २० मायक्रॉनचा चालतो. कण अर्ध्या मिलिमीटरचे असतील तर व्यासाला पंचवीस-तीस व्हॉक्सेल मिळतात. नमुना उणे २० अंशांवर ठेवला तरी कणांचं रूप बदलतच राहतं, फक्त सावकाश. त्यामुळे आठवडाभर थांबायचं असेल तर कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बरा.

मग वॉटरशेड, म्हणजे चिकटलेले कण मानेपाशी वेगळे करण्याची पद्धत. फिजी या चित्र-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉर्फोलिबजे प्लगिनने हे होतं. अंतर-नकाशावरची (बर्फातला प्रत्येक बिंदू हवेपासून किती दूर आहे ते दाखवणाऱ्या नकाशावरची) बारीकसारीक शिखरं गाळली नाहीत तर एका खडबडीत कणाचे पाच तुकडे होतात, जास्त गाळली तर दोन-तीन कण एकत्र जातात. गाळणीची मर्यादा १, २, ३ व्हॉक्सेल अशी वाढवत कणांची संख्या आलेखावर मांडा. जिथे ती जरा स्थिरावते ती मर्यादा घ्या, आणि अहवालात लिहा. कडेला टेकलेले कण काढून टाकता तेव्हा मोठे कण जास्त कापले जातात, सरासरी खाली येते. तिची दुरुस्ती करायलाच हवी.

सीटी नसेल तर पोकळ्यांत डायइथाइल थॅलेट हे द्रव ओतून गोठवलेल्या नमुन्याचे काप घ्या. पण कापात दिसणारा व्यास खरा नव्हे: एकाच आकाराच्या गोलांचे यादृच्छिक काप घेतले तर सरासरी व्यास खऱ्याच्या π/४, म्हणजे ०.७९ पट येतो. शिवाय दाबाने कण आडवे चपटे होतात, म्हणून उभा काप घेतल्याशिवाय चपटेपणा कळत नाही. स्फटिकांच्या खऱ्या सीमा हव्यात तर पातळ काप ध्रुवित प्रकाशात पाहावा लागतो. वॉटरशेडने कापलेली मान आणि तिथली स्फटिकसीमा दरवेळी जुळतेच असं नाही.