छोटा टिलवा शोधायचाय? पाणी सोडा, चिखल बघा

छोटा टिलवा म्हणजे लिटल स्टिंट, चिमणीएवढा जीव, वजन साधारण २०-३० ग्रॅम, आणि येतो कुठून तर उत्तर नॉर्वेपासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रातून. हिवाळ्यात आफ्रिका आणि आपल्याकडे. पण भरलेल्या तलावावर जाऊन दुर्बीण फिरवत बसलात तर काही दिसणार नाही, कारण याची चोच जेमतेम पावणेदोन-दोन सेंटीमीटर, त्यामुळे याला लागतो ओला चिखल नाहीतर पाण्याचा अगदी पातळ थर.

म्हणून आधी पाणी किती आहे ते विचारा. भिगवणला उजनीचं बॅकवॉटर पावसाळ्यानंतर तुडुंब असतं, मग जसजसं पाणी मागे हटतं तसा काठ उघडा पडतो, त्यामुळे मी तरी जानेवारी-फेब्रुवारीच सांगेन, कुंभारगावच्या नाववाल्यांना आधी फोन करा, चिखल कुठे उघडा पडलाय ते त्यांना बरोबर माहीत असतं. जायकवाडीलाही हेच गणित.

मुंबईत मात्र सगळं भरतीवर. टाइमटेबल बघून भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचा, पाणी चढतं तसे पक्षी काठाकडे सरकतात. शिवडीला आपलं तोंड पूर्वेला, सकाळी उन्हात सगळे काळेच दिसतात, तिथे दुपारची भरती धरा. (सगळे फ्लेमिंगोचे फोटो काढत असतात, तुम्ही त्यांच्या पायाशी बघा.)

ओळखायचा कसा? शिलाई मशीनसारखी चोच खालीवर, क्षणभर थांबत नाही. पळतो-थांबतो-पळतो असं करणारा दिसला तर तो चिखल्या (प्लोव्हर), वेगळा पक्षी. मग पाय बघा, काळे असले तर छोटा टिलवा, पिवळट-हिरवट असले तर टेमिंकचा टिलवा, याचाच भाऊबंद, तो जास्त करून गोड्या पाण्याच्या गवताळ काठाला एकटादुकटा असतो. पण पायाला चिखल लागला की सगळ्यांचेच काळे, तेव्हा छाती बघा, टेमिंकची राखाडी-तपकिरी, याची पांढरी.

ऑगस्टमध्ये आधी प्रौढ पक्षी येतात, त्या वर्षीची पिल्लं मागाहून, आईबापांशिवायच, आणि तरी बरोब्बर पोचतात, हे मला अजून पटत नाही! पिल्लांच्या पाठीवर पांढरा व्ही उठून दिसतो. एप्रिलमध्ये एक चक्कर नक्की मारा, तेव्हा परतायच्या आधी तोंड-मानेवर तांबूस रंग चढलेला असतो, मे संपेपर्यंत बहुतेक सगळे गेलेले असतात.