घडीचा चाकू बाजारात आणण्याआधी

सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात स्वतःच्या नावाचा खिशातला चाकू काढायचं ज्यांनी मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी. चाकू स्लिपजॉइंट जातीचा धरलाय. पातं मुठीत मिटतं, खटका नाही, लॉक नाही; उघडलेलं पातं पाठीमागच्या पोलादी कमानीच्या दाबावर जागेवर राहतं. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकात रुळवलेली ही रचना आजही तशीच आहे. आजच्या चाकूत नवं काय, तर रिव्हेटच्या जागी स्क्रू, सहज न गंजणारं पोलाद, हायलमसारख्या (रेझिनमध्ये दाबून घट्ट केलेल्या थरांच्या) शीटची मूठ आणि शतांश मिलिमीटरच्या हिशेबातली फिटिंग. बहुतेक जण नाव, लोगो आणि खोक्यापासून सुरुवात करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिले काही महिने कमानीवर घालवा. या चाकूत गिऱ्हाइकाच्या बोटांना रोज जाणवते ती तीच, आणि त्याचं बोट सुरक्षित राहतं तेही तिच्यामुळेच.

त्याआधी फक्त एक गोष्ट ठरवा: चाकू कुणाच्या खिशात जाणार. पुण्या-बंगळूरचा हौशी संग्राहक आणि तासगाव, पलूस, कवठेमहांकाळचा द्राक्ष बागायतदार ही दोन अगदी वेगळी गिऱ्हाइकं आहेत. पहिल्याला पॉलिश आणि मिटतानाचा टक् आवाज हवा, दुसऱ्याला ओल्या हाताने उघडणारं आणि औषधाच्या पाण्यात टिकणारं पातं. माझ्या मते पहिलं मॉडेल दुसऱ्याच्या कामावर बेतावं. बागेत टिकलेला चाकू संग्राहकालाही आवडतो, उलट क्वचितच होतं. सात सेंटिमीटरच्या आत पातं, अडीच मिलिमीटर जाडीचं शीट, टोक फार अणकुचीदार नको. डॉगरिजवर, म्हणजे द्राक्षाच्या खुंटावर, कलमं बांधण्यासाठी एकाच बाजूला धार असलेला चाकू हे दुसरं मॉडेल होऊ शकेल. दोन्ही एकदम काढायला जाऊ नका.

पोलाद निवडताना बोर्डो मिश्रण, म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं पाणी, डोळ्यांसमोर ठेवा. मोरचुदाचं पाणी साध्या कार्बन पोलादाला लागलं की त्यावर तांब्याचा थर चढतो आणि लोखंड खाल्लं जातं. ईएन-३१ हे बेअरिंगचं पोलाद धारेला उत्तम, जवळपास कुठेही मिळणारं, पण लिंबू, चिंच, बोर्डो आणि कृष्णाकाठचा पावसाळा यांपुढे रोज पुसून तेल लावल्याशिवाय टिकत नाही. डी-२ हे डायसाठी वापरतात ते पोलाद धार दीर्घकाळ धरतं, मात्र शेताच्या बांधावर साध्या दगडावर ते घासायचं म्हणजे जीव जातो. म्हणून पहिल्या लॉटला १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद घ्यावं. त्यात कार्बन ०.६२ टक्के आणि क्रोमियम १४ टक्के असतं, थोडा नायट्रोजनही असतो. धार बारीक येते आणि घरच्या दगडावर परत लागते. शीट घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, आणि देत नसतील तर दुसरीकडे बघा.

आता कमान. तिचं मागचं टोक मुठीच्या शेवटच्या पिनवर धरलेलं असतं, मध्ये दुसरी पिन असते आणि पुढचं टोक मोकळं राहून पात्याच्या बुडावर टेकतं. मधल्या पिनचं भोक ड्रॉइंगमध्ये किंचित सरकवून कमान बसवतानाच थोडी वाकलेली ठेवतात. सगळा दाब तिथून येतो. हे सरकवणं किती, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. एकाच ड्रॉइंगच्या चार-पाच आवृत्त्या कापून घ्या, प्रत्येकीवर नंबर कोरा आणि प्रत्येकीचा ओढ मोजा. नखखाचेत (पातं उघडायला नख अडकवतात त्या खाचेत) मजबूत दोरा अडकवून लटकता काटा हळूहळू ओढायचा आणि पातं सुटतं तेव्हाचा आकडा वहीत लिहायचा. मग तो नमुना साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या हातात द्या, बागेत विरळणी करणाऱ्या बाईच्या हातात द्या, वर्कशॉपच्या पोरांच्या हातात द्या. ज्या आकड्याला तिघांचीही नखं तुटत नाहीत आणि पातं आपोआप मिटतही नाही, तोच तुमच्या ब्रँडचा आकडा. पुढच्या प्रत्येक लॉटमधले चाकू त्याच्याशी ताडून बघा.

पात्याच्या बुडाला दोन सपाट बाजू लागतात, एक उघडं असतानाची आणि एक मिटलेलं असतानाची. मध्ये तिसरी ठेवली तर पातं काटकोनात थांबतं. काही जाणकारांना हा थांबा नकोसा वाटतो, चाल अखंड मऊ लागते म्हणून. तरीही पहिल्या मॉडेलला तो ठेवाच. मिटणारं पातं अर्ध्यावर अडलं की बोट काढून घ्यायला क्षणभर मिळतो, आणि लॉक नसलेल्या चाकूत त्या क्षणाची किंमत फार आहे. बुडाच्या खालच्या बाजूला एक छोटा उंचवटा लागतो, नाहीतर मिटलेल्या पात्याची धार दर वेळी कमानीवर आपटून बोथट होते. पातं अनेकदा परजल्यावर हा उंचवटाही जरा घासावा लागेल, तेवढं मटेरियल त्यात शिल्लक ठेवा.

उघडं, अर्धं आणि मिटलेलं अशा तिन्ही स्थितींत कमानीची पाठ लायनरच्या, म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडेशी एका पातळीत यायला हवी. अंगठा फिरवून पायरी कळते, पण लॉट तपासायला अंगठा पुरत नाही. पिन बसवलेली सपाट प्लेट आणि वर डायल इंडिकेटर (बारीक उंच-सखलपणा दाखवणारं काट्याचं मापक) असं छोटं फिक्स्चर टूलरूममधून करून घ्या. चाकू जोडण्याआधीच पातं आणि कमान त्यावर फिरवून बघता येतात. पिव्हटच्या बुशची, म्हणजे पातं ज्या नळीवर फिरतं तिची, लांबी पात्याच्या बुडाच्या जाडीपेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर जास्त हवी. कमी झाली तर स्क्रू आवळताच पातं जाम होतं, जास्त झाली तर डुलायला लागतं.

कडकपणाचं गणित वेगळं लिहून काढा. पातं ५९-६० एचआरसी (रॉकवेल मापावरचा कडकपणा), कमान ४५ ते ५० च्या दरम्यान. कमान पात्याइतकी कडक केली तर मोडेल आणि फार मऊ ठेवली तर बसेल, म्हणजे वाकलेलीच राहून दाब गमावेल. मोडते तेव्हा बहुधा मधल्या भोकापाशी किंवा एखाद्या आडव्या ओरखड्यापाशी मोडते, म्हणून तिचं शेवटचं पॉलिश लांबीच्या दिशेनेच करायचं आणि भोकांच्या कडा चॅम्फर करून, म्हणजे किंचित उतरत्या घासून, घ्यायच्या. ट्रकच्या भंगारातल्या पाट्यांपासून कमानी काढायचा मोह होईल. कोयता करायला तो पाटा उत्तम, पण त्यात आत कुठे तडा गेलाय हे कळायला मार्ग नाही, आणि ब्रँडच्या मालाला एकसारखेपणा लागतो. मंजूर झालेल्या नमुन्यांपैकी एक वायपर मोटरच्या जिगवर बसवा आणि पाच हजार वेळा उघडमीट होऊ द्या. ओढ किती उतरला, बुडावर चर पडला का, हे बघूनच मोठी ऑर्डर द्या.

जॉबवर्कची जुळणी या भागात जमते, ती इथल्या जुन्या कारखानदारीमुळे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तिथे लोखंडी नांगर तयार झाले, आणि आज कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत लेझर, वायरकट (विजेच्या तारेने कापणं), सरफेस ग्राइंडिंग, व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) हे सगळं दुचाकीच्या अंतरावर आहे. लेझरवर पातं कापताना कडेला ग्राइंडिंगची भर ठेवा, कारण तिथलं पोलाद उष्णतेने बदललेलं असतं. हार्डनिंगमध्ये पातळ पातं वाकतं, त्यामुळे जाडीतही थोडी भर हवी. बुडाच्या सपाट बाजू हार्डनिंगनंतर वायरकटवर काढल्या तर महाग पडतं, पण फिटिंगचा अर्धा त्रास वाचतो. स्टेनलेस पात्यांना व्हॅक्यूम फर्नेस लागते, जवळपास सोय नसेल तर त्यासाठी पुण्याकडचा जॉब धरावा लागेल. प्रत्येक लॉटसोबत त्याच शीटचे दोन तुकडे पाठवा आणि परत आल्यावर त्यांची हार्डनेस तिसऱ्याच ठिकाणी तपासून घ्या. पन्नास चाकूंचा पहिला लॉट धरत असाल तर पाती आणि कमानी सत्तर कापून घ्या. रिजेक्शन नक्की निघणार.

मुठीसाठी मिरजेकडे बघा. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लाकडावरचं बारीक जडावकाम आणि पॉलिश त्या गल्लीत जसं होतं तसं मशीनवर होत नाही, आणि मर्यादित आवृत्तीच्या मुठी तिथून करून घेता आल्या तर पोलादाच्या कामाशी या घराण्यांचं जुनं नातं पुन्हा जुळेल, याचा मला मनापासून आनंद होईल. मजुरी त्यांच्या कलेच्या भावाने द्या, घासाघीस करू नका. रोजच्या मॉडेलला मात्र कापडी हायलम बरा. मोटर रिवाइंडिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात शीट मिळतं, ओल्या हातात घसरत नाही, फुगत नाही. शिसव वापरायचं तर नीट वाळलेलं घ्या. पावसाळ्यात बसवलेलं ओलसर लाकूड डिसेंबरात आकसतं आणि लायनरची कड बाहेर डोकावते. सांबरशिंगाच्या मुठींचं जगभर आकर्षण आहे, एकेकाळी भारतातून शेफील्डला आणि जर्मनीतल्या सोलिंगेनला ते जायचं. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आहे, तेव्हा कुणी कोयना-चांदोलीकडचं गळून पडलेलं शिंग देतो म्हणाला तरी हात लावू नका.

कायद्याचा भाग शांतपणे समजून घ्या. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. सात सेंटिमीटरचा चाकू त्या मापापासून लांब आहे. पण आपल्या जिल्ह्यात सण, मिरवणुका, निवडणुका आल्या की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सुरे जवळ बाळगण्यावर बंदी असते. गिऱ्हाइकाला हे खोक्यातल्या मराठी पत्रकात स्पष्ट सांगा. विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, हेही त्यातच सांगा. चाकू म्हटलं की लोकांच्या मनात रामपुरी येतो. त्यामुळे जाहिरातीत झटक्यात उघडणारं पातं, दम देणारी पोझ, काळा धूर असलं काही नको. द्राक्षं, पेरू, सुतळी, पार्सलचा टेप दाखवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला विकायचा नाही हा नियम स्वतःहून घाला.

कागदपत्रं थोडक्यात. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागते; चाकू एचएसएन (जीएसटीतल्या मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) ८२११ मध्ये येतो, दर सीएकडून ताजा विचारून घ्या. ट्रेडमार्क वर्ग ८ मध्ये, व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये. खोक्यावर एमआरपी, पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा फोन हवाच. यात क्रम चुकू नये अशी एकच बाब आहे: डिझाइन नोंदवायचं असेल तर त्याचा अर्ज फोटो बाहेर जाण्याआधी करा, कारण एकदा प्रसिद्ध झालेलं डिझाइन नवं राहत नाही.

जागा घेताना २००५, २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा. गावभागातलं स्वस्त भाडं बघून शीट आणि तयार माल तळमजल्यावर ठेवू नका. कुपवाडची उंचावरची जागा थोडी महाग पडली तरी चालेल.

विक्रीची सुरुवात खंडेनवमीला करावी. घरोघर अवजारांची पूजा होते त्या दिवशी नवा चाकू लोक आनंदाने घेतात. त्यावरून मागे हिशेब लावला तर नमुने उन्हाळ्यात पक्के व्हायला हवेत, हार्डनिंग जुलैत आणि फिटिंग गणपतीच्या आत. कुरिअरवाल्याशी आधी बोला. काही कंपन्या चाकूचं पार्सल घेतच नाहीत, आणि हे ऑर्डर आल्यावर कळून उपयोग नाही.

शेवटी दुरुस्तीची पेटी. पहिल्या लॉटमधल्या दहा कमानी, दहा बुश, स्क्रूचे जोड आणि मुठीच्या काही पट्ट्या विकायच्या मालात मिसळू न देता वेगळ्या ठेवा, त्यावर लॉट नंबर घाला. पात्याच्या बुडावरही तोच नंबर कोरा, म्हणजे चार वर्षांनी जतहून कुणी मोडक्या कमानीचा चाकू घेऊन आला तर बसणारी कमान कोणत्या डबीत आहे ते लगेच सापडेल. आजोबांच्या आठवणीचा चाकू तुम्ही परत चालता करून दिलात, ही बातमी त्या गावात तुमच्या कुठल्याही जाहिरातीच्या आधी पोहोचेल.