ग्वाल्हेरला गिटार घेताना लाकूड कसे पारखावे

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, आणि पाऊस लागला की कपाटाची दारे फुगून बसतात. दाराचे जे होते तेच गिटारचेही होते, म्हणून येथे गिटार घेणाऱ्याने रंग आणि चकाकीच्या आधी लाकूड पाहावे.

सर्वांत आधी वरची फळी पाहावी. सतारीच्या भाषेत ती तबली. आवाज मुख्यतः तीच घडवते. स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, पण फळी चांगल्या लाकडाची, अशी गिटार केली होती, ती हेच पटवण्यासाठी असे मानले जाते. फळी बहुधा स्प्रूसची किंवा सीडरची असते. स्प्रूस फिकट पिवळसर, सीडर तांबूस आणि अधिक मऊ. तिची जाडी जेमतेम 3 मिलिमीटर असते आणि पोलादी तारांचा एकूण ताण मात्र 70 किलोच्या आसपास असतो.

ही फळी अखंड आहे की प्लायवूडची, हे ओळखण्यासाठी गोल भोकाच्या कडेवर मोबाइलचा उजेड पाडावा. वरून दिसणाऱ्या बारीक उभ्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरल्या तर लाकूड अखंड. मध्ये आडवा थर दिसला तर प्लायवूड. कड रंगवलेली असेल तर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. ‘सॉलिड टॉप’ म्हणजे फक्त वरची फळी अखंड, पाठ आणि बाजू प्लायवूडच्या असू शकतात, हेही लक्षात असावे.

अखंड फळीचा स्वर खुला असतो आणि वाजवत गेल्यावर तो अधिक मोकळा होतो, असा माझा अनुभव आहे. तरीही शिकणाऱ्या मुलाला मी प्लायवूडचीच गिटार सुचवतो. तिचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे कोरड्या हवेत ती सहसा तडकत नाही. माझ्या भाच्याची अखंड स्प्रूसची गिटार एका जूनमध्ये गच्चीखालच्या खोलीत कपाटावर राहिली, आणि ब्रिजपासून (फळीवर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीपासून) खालच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली. ती दिसली त्या दिवसाचे वाईट अजून वाटते.

पाठीच्या लाकडाबाबत एका नावाची गफलत होते. आपल्याकडचा सुतार ज्याला शीशम म्हणतो ते उत्तरेतले सिसू; गिटारमधले ‘इंडियन रोझवूड’ म्हणजे दक्षिणेकडची शिसवी, जांभळट काळ्या रेषांची आणि वजनाला जड. दोन्ही एकाच कुळातली, पण एक नव्हेत. महोगनीची पाठही उत्तम. आपल्या सतारींना वापरले जाणारे तुणाचे लाकूड महोगनीच्याच कुळातले आहे.

मग फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवर बोटे दाबतो त्या पट्टीच्या, दोन्ही कडांवरून बोट अलगद फिरवावे. फ्रेटांची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके करवतीसारखी टोचली तर बहुधा लाकूड आकसून धातू बाहेर आला आहे. अशी गिटार घेऊ नये. काळाभोर फ्रेटबोर्ड आबनुसाचा म्हणून दाखवला तर ओलसर पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावा. रंग उतरला तर लाकूड रंगवलेले आहे. फ्रेट ‘निकेल सिल्व्हर’चे असतात, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल, चांदी त्यात अजिबात नसते.

घरी आणल्यावर गिटार पेटीत ठेवावी, सोबत लहानसा आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा 45 ते 55 टक्क्यांत राहील असे पाहावे. कूलरच्या झोतात ती कधीही ठेवू नये, कारण कूलर चालू असताना दमट आणि बंद झाल्यावर कोरडी, अशी हवा दिवसातून अनेकदा बदलते. पावसाळ्यात फळी फुगून तारा उंच वाटू लागतात. तेव्हा घाईने सॅडलचे हाड (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून घेऊ नये, कारण दिवाळीनंतर फळी पुन्हा खाली बसली की तारा फ्रेटांवर खडखडतात आणि नवे सॅडल बसवून घ्यावे लागते.