विधेयक शेवटून वाचा: वित्तीय ज्ञापनावर हरकतीचा मुद्दा कसा घ्यावा

विधेयकाची प्रत हातात आली की ती मागून वाचायला घ्या. पहिल्या पानावर कायद्याचं भारदस्त नाव असतं, खाली व्याख्या असतात, आणि नवखा माणूस त्या व्याख्यांतच अर्धा तास घालवतो. शेवटच्या पानांवर उद्देश व कारणे यांचं निवेदन, वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापन, वित्तीय ज्ञापन (कायद्यामुळे किती खर्च येईल ते सांगणारी टीप) आणि लागू असेल तर संविधानाच्या अनुच्छेद २०७ खालची राज्यपालांची शिफारस असते. पैशांचा हिशेब तिथे असायला हवा. तो नसेल किंवा लंगडा असेल, तर तुमचा हरकतीचा मुद्दा, म्हणजे कामकाज नियमाप्रमाणे नाही म्हणून अध्यक्षांकडे निर्णय मागणं, तिथूनच सुरू होतो.

महाराष्ट्र विधानमंडळात सदस्यांसाठी विधेयकांची टिपणं काढून देण्यात माझी २२ वर्षं गेली. मुंबईचं अर्थसंकल्पी अधिवेशन असो की नागपूरचं हिवाळी, पिशवीत संविधानाची मराठी प्रत आणि नियमांचं पुस्तक असायचंच. हल्ली नवीन आमदारांचे स्वीय सहायक फोन करतात, "ताई, वित्तीय ज्ञापनावर हरकत कशी घ्यायची? साहेबांना उद्या बोलायचंय." उद्या बोलायचं असेल तर उशीरच झालेला असतो, पण तरी सांगते.

सगळ्यात आधी विधेयक कोणत्या जातीचं आहे ते ठरवा. इथे चूक झाली की पुढचं सगळं फसतं. अनुच्छेद १९९ मध्ये सांगितलेल्या बाबींपुरतंच, म्हणजे कर, शासनाचं कर्ज व हमी, एकत्रित निधी (राज्याची मुख्य तिजोरी) एवढ्यापुरतंच असलेलं विधेयक हे धन विधेयक. ते आहे की नाही, हे अध्यक्ष ठरवतात. त्या बाबींबरोबर इतरही तरतुदी असतील, तर ते २०७ च्या खंड (१) मध्ये येतं: राज्यपालांच्या शिफारशीशिवाय ते मांडताच येत नाही, आणि विधान परिषदेत तर मुळीच मांडता येत नाही. तिसरी जात सर्वांत जास्त भेटते, आणि तिच्याकडेच दुर्लक्ष होतं. विधेयक साधंच असतं, पण अंमलात आलं तर एकत्रित निधीतून खर्च करावा लागणार असतो. ते २०७ च्या खंड (३) मध्ये येतं. ते मांडायला अडचण नाही, परिषदेतही मांडता येतं. मात्र राज्यपालांनी ते विचारात घेण्याची शिफारस त्या सभागृहाला केल्याशिवाय सभागृहाला ते संमत करता येत नाही.

"त्या सभागृहाला" हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. विधानसभेला केलेली शिफारस परिषदेला चालत नाही. विधेयक परिषदेत गेलं की तिथल्या प्रतीवर पुन्हा शोधा.

खंड (१) आणि खंड (३) यांतला फरक मी एकदा फार महाग शिकले. एका विधेयकाने राज्यभर नवीन कार्यालयं उभी राहणार होती आणि वित्तीय ज्ञापनात लिहिलं होतं, कोणताही आवर्ती (दरवर्षी होणारा) किंवा अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च होणार नाही. मी उत्साहाने टिपण लिहून दिलं, आमच्या आमदारसाहेबांनी पुरःस्थापनेच्या, म्हणजे विधेयक मांडण्याच्या, वेळीच हरकत घेतली. पीठासीन अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि निर्णय दिला: मुद्दा खंड (३) चा आहे, विधेयक अजून विचारात घ्यायचंय, आज हरकत घेणं अवेळी आहे. निर्णय बरोबर होता. विचारात घेण्याचा प्रस्ताव दोन दिवसांनी, संध्याकाळी उशिरा आला. साहेब मतदारसंघात निघून गेले होते, टिपणाची दुसरी प्रत मी कुणालाच दिली नव्हती. विधेयक दहा मिनिटांत संमत झालं.

म्हणून वेळ नीट लक्षात ठेवा. खंड (१) चा मुद्दा असेल तर मंत्री विधेयक मांडण्याची परवानगी मागतात तेव्हा उठायचं. खंड (३) चा असेल तर "विधेयक विचारात घेण्यात यावे" हा प्रस्ताव आल्याबरोबर, पहिलं भाषण सुरू होण्याआधी. आणि टिपणाच्या तीन प्रती काढा. एक साहेबांना, एक शेजारच्या बाकावरच्या सदस्याला, एक गटनेत्याच्या कार्यालयात.

वेळेबद्दल मी इतकी आग्रही आहे त्याला कारण अनुच्छेद २५५ आहे. तो सांगतो की लागणारी शिफारस मिळाली नव्हती, एवढ्याच कारणाने कायदा अवैध ठरत नाही, एकदा राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची अनुमती मिळाली की झालं. कामकाज पद्धतीतल्या अनियमिततेवरून न्यायालयात जाण्याची वाट अनुच्छेद २१२ ने अडवलेली आहे. २०१४ मध्ये मोहम्मद सईद सिद्दिकी खटल्यात हेच दिसलं. उत्तर प्रदेशात लोकायुक्त कायद्यातली दुरुस्ती धन विधेयक म्हणून संमत करून घेतली होती. ते धन विधेयक नव्हतंच, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने ऐकून घेतला नाही, अध्यक्षांचा निर्णय अंतिम मानला. पुढे २०१८ च्या आधार निकालात आणि २०१९ च्या रॉजर मॅथ्यू प्रकरणात हे दार थोडं किलकिलं झालं, धन विधेयकाचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. पण दार उघडेल म्हणून सभागृहातली संधी सोडू नका. ज्या पाच मिनिटांत अध्यक्ष तुमचं ऐकतात, तीच तुमची खरी सुनावणी.

आता मुख्य काम, खर्च शोधणं. ज्ञापन "खर्च नाही" म्हणतं तेव्हा विधेयकाच्या खंडांमध्ये (कलमांमध्ये) तो लपलेला असतो आणि तो क्रियापदांत सापडतो. "स्थापन करील", "नियुक्त करील", "पुरवील", "राज्य शासन ठरवील असे वेतन व भत्ते" हे शब्द दिसले की समासात खूण करा. एक नमुना घेऊ. समजा खंड म्हणतो, "राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात एक तक्रार निवारण कक्ष स्थापन करील." राज्यात ३६ जिल्हे. प्रत्येक कक्षात एक अधिकारी आणि चार कर्मचारी धरले तर १८० पदं झाली. सरासरी पगार महिना ५०,००० रुपये धरला, तर महिन्याला ९० लाख आणि वर्षाला १० कोटी ८० लाख रुपये. जागा, संगणक, वाहन हा अनावर्ती खर्च वेगळाच. एवढा हिशेब एका कागदावर मांडून सदस्याच्या हातात द्या. "खर्च होईल असं वाटतं" म्हणणारा सदस्य खाली बसवला जातो. पदं आणि पगार धरून बोलणाऱ्याला मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. आकडा कुठून आला असं विचारलं, तर सरळ सांगायचं की हे आमचं गृहीतक आहे, शासनाने आपलं सांगावं.

प्रत्येक खर्च मात्र तुमच्या उपयोगाचा नसतो. महानगरपालिका आपल्या निधीतून करणार असेल तर एकत्रित निधीचा संबंध येत नाही. दंड, परवाना शुल्क किंवा स्थानिक संस्थेने स्थानिक कामासाठी बसवलेला कर यांमुळेही विधेयक २०७ (१) मध्ये जात नाही, हे त्याच अनुच्छेदाच्या खंड (२) मध्ये लिहिलेलं आहे. असे मुद्दे घेऊन साहेबांना उभं केलंत, तर पुढच्या वेळी खरा मुद्दा असूनही कुणी कान देणार नाही.

हरकतीची भाषा छोटी ठेवा. मी लिहून देत असे ती साधारण अशी: "अध्यक्ष महोदय, माझा हरकतीचा मुद्दा आहे. विधेयकाच्या खंड ४ मुळे राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणार आहे. वित्तीय ज्ञापनात त्याचा अंदाज नाही आणि अनुच्छेद २०७, खंड (३) खालची शिफारस प्रतीवर नाही. त्यामुळे हा प्रस्ताव आज विचारात घेता येणार नाही, असा निर्णय आपण द्यावा." इथे थांबायचं. परिषदेत "सभापती महोदय". कायदा चांगला की वाईट यावर एक शब्द नको. गुणदोषांवर बोललात की तो हरकतीचा मुद्दा राहत नाही, भाषण होतं, आणि अध्यक्ष तसंच सांगून पुढे जातात. नेमकं काय मागताय, ते शेवटच्या वाक्यात असलंच पाहिजे. पुष्कळ सदस्य नुसती तक्रार करून बसतात आणि अध्यक्षांनी निर्णय कशावर द्यायचा तेच कळत नाही.

समोरून तीन उत्तरं ठरलेली असतात. "खर्च विद्यमान यंत्रणेतून भागवला जाईल" हे पहिलं. त्यावर खंडातला "नवीन पदे निर्माण करील" हा मजकूर वाचून दाखवा. तसा मजकूर नसेल, काम तहसीलदारावरच सोपवलेलं असेल, तर उत्तर रास्त आहे, मुद्दा सोडून द्या. दुसरं उत्तर, "खर्चाचा नेमका अंदाज आज देणं शक्य नाही." नेमका नको, अंदाज हवा. लोकसभेच्या नियम ६९ मध्ये वित्तीय ज्ञापनात खर्चाच्या खंडांकडे लक्ष वेधून आवर्ती व अनावर्ती खर्चाचा अंदाज द्यायला सांगितलंय, आणि असे खंड ठळक किंवा तिरप्या टायपात छापायलाही. आपल्या सभागृहाच्या नियमांचं पुस्तक उघडून त्यातला तोच विषय शोधा, त्याचाच क्रमांक सांगा. लोकसभेचा नियम केवळ आधाराला. तिसरं उत्तर, "शासन करू शकेल असं लिहिलंय, करील असं नाही." हे सर्वांत अवघड. निव्वळ मुभा देणारा खंड असेल तर निर्णय बहुधा तुमच्या विरुद्ध जाईल. पण त्याच विधेयकात दुसरा खंड त्या मुभेवर अवलंबून असेल, म्हणजे कक्ष "करू शकेल" आणि नागरिकाने तक्रार मात्र त्या कक्षाकडेच "केली पाहिजे", तर मुभा ही नावापुरती राहते. दोन्ही खंड शेजारी-शेजारी वाचून दाखवा.

निर्णय तीनपैकी एका तऱ्हेचा येतो. हरकत फेटाळली जाते, किंवा निर्णय राखून ठेवून विधेयक पुढे ढकललं जातं, किंवा मंत्र्यांना त्रुटी दुरुस्त करण्याची संधी मिळते आणि सुधारित ज्ञापन व शिफारस सदस्यांना वाटली जाते. तिसऱ्यात हरलो असं समजू नका. खर्चाचा आकडा छापून घेणं हेच तर हवं होतं. निर्णयानंतर वाद घालायचा नाही, पण त्या दिवसाच्या कार्यवृत्तातून निर्णयाचे शब्द जसेच्या तसे उतरवून तारखेसह वहीत ठेवा. पुढच्या वेळी तुमच्या हरकतीत सर्वांत वजनदार वाक्य तेच असेल.

अध्यक्षांचा अधिकार किती मोठा आणि कुठे थांबतो, यासाठी पंजाबचं १९६८ चं प्रकरण नक्की वाचा. मार्चमध्ये अर्थसंकल्प बाकी असताना अध्यक्षांनी सभागृह दोन महिन्यांसाठी तहकूब केलं. राज्यपालांनी सत्रसमाप्ती करून, म्हणजे अधिवेशन संपवून, वित्तीय कामकाजाच्या नियमनाचा अध्यादेश काढला आणि सभागृह पुन्हा बोलावलं. अध्यक्षांनी तेही बेकायदा ठरवून तहकुबी जाहीर केली. मग उपाध्यक्ष आसनावर बसले, विनियोजन विधेयकं (तिजोरीतून खर्च करायला मंजुरी देणारी) संमत झाली आणि धन विधेयकाचा दाखलाही उपाध्यक्षांनीच दिला. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी वैध ठरवलं. राज्याचा खर्च ३१ मार्चनंतर अडून राहू नये, हा विचार त्यामागे होता.

विरोधी बाकांवरच्या सदस्यांसाठी दुरुस्त्यांचं एक सांगते. कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती द्यायला शिफारस लागत नाही, २०७ (१) च्या परंतुकात ती सूट आहे. पण करात माफी देणारं स्वतंत्र विधेयक आणायचं असेल तर लागते. अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याचं) आणताना हे फार बोचतं, कारण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, म्हणजे तुमच्या विधेयकाची चावी सरकारकडेच असते. मी सदस्यांना सांगायचे, नवीन मंडळ मागू नका, काम आहे त्या अधिकाऱ्यावर सोपवा आणि ज्ञापनात खर्च खरा लिहा. आपणच "खर्च नाही" असं खोटं लिहिलं तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार?

हरकत फेटाळली गेली तरी फाईल बंद करू नका. वित्तीय ज्ञापनाची प्रत राखून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्यांचं (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चाचं) पुस्तक आलं की त्या विभागाची पानं चाळा. माझ्या हातून निसटलेल्या त्या विधेयकाचं तसंच झालं. कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्याच कार्यालयांच्या पगारासाठी पुरवणी मागणी आली. मी ज्ञापनाची जुनी प्रत काढली, मागणीचं पान तिला टाचलं आणि यावेळी तीन प्रती केल्या. साहेब मागणीवरच्या चर्चेत उभे राहिले आणि त्यांनी आधी ज्ञापनातली ती एक ओळ वाचली, मग मागणीतला आकडा. मंत्र्यांनी खर्चाचा पूर्ण तपशील पटलावर ठेवण्याचं आश्वासन दिलं. ते कार्यवृत्तात आहे, आणि मंत्र्यांची आश्वासनं पाळली गेली का ते पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे पाठपुरावा करायचं पत्र मी त्याच संध्याकाळी टाइप केलं.