वाफसा येऊ द्या, मगच बटाट्याच्या रानात ट्रॅक्टर घाला

पुणे जिल्ह्यातल्या खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यात सोयाबीन निघाले की रब्बी बटाट्याची घाई सुरू होते. बेणे घरात येऊन पडलेले, ट्रॅक्टरवाला कसाबसा मिळालेला आणि परतीच्या पावसाने रान मात्र अजून ओले. वरून सुकल्यासारखी दिसणारी जमीन चार बोटांखाली चिकट असते. त्यात रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचे फिरत्या पात्यांचे अवजार, फिरवला की वरची माती भुसभुशीत दिसते, पण चार-पाच इंचांखाली पाती माती चोपून ठेवतात, जणू सारवलेले अंगणच.

म्हणून आधी वीतभर खोलीवरची मूठभर माती काढून तळहातावर वळून बघा. सुतळीसारखी वळी झाली, तर ट्रॅक्टर परत पाठवा. भाडे बुडाले तरी चालेल. दाबलेला गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, की वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, आला समजा. मग रानात चार ठिकाणी सळई दाबा. अडली तिथे खड्डा घेऊन सोयाबीनची मुळे पाहा. खाली जाण्याऐवजी आडवी वळलेली दिसली, तर घट्ट थर तिथेच आहे.

बटाट्याची मुळे मुळात उथळ, बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच. थराने अडवली की पाणी देऊनही झाड दुपारी माना टाकते. आपण आणखी पाणी सोडतो, ते थरावर तुंबते आणि हवा कोंडते. बटाट्याच्या सालीवर पांढरे फुगीर ठिपके दिसले, तर पाणी जास्त झाले आहे. सड तिथूनच आत शिरते. थरावरचे बटाटे वर सरकतात, उघडे पडून हिरवे होतात. महिनाभराने भर लावताना, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवताना, हे ध्यानात ठेवा.

लागवडीनंतर आंबवणीचे पाणी हलकेच द्या. साधारण 30 ते 40 दिवसांत बटाटे धरू लागतात, तेव्हा ताण पडला तर संख्या घटते, खवड्या (सालीवर खरबरीत खपल्या आणणारा रोग) वाढतो. पोसताना एकदा ताण, एकदा भरपूर पाणी असे केले तर बटाटे तडकतात, त्यांना गाठी फुटतात. हलक्या रानात 5-6 दिवसांनी, भारी रानात 8-10 दिवसांनी पाणी द्या, पण वरंब्याच्या दोन-तृतीयांशावर चढू देऊ नका.

खोलवरचा थर फोडणाऱ्या सबसॉयलर अवजाराची घाई आता नको. ओल्या मातीत तो नुसती चीर पाडतो, थर फुटत नाही. ते काम उन्हाळ्यात, रान कोरडे ठणठणीत असताना करा.