पहिले चार आटे बोटांनी

क्लाइंबिंगच्या कृत्रिम भिंतीवर होल्ड, म्हणजे हातापायांच्या पकडी, बसवताना इम्पॅक्ट ड्रायव्हर (बोल्ट आवळायचं मशीन) उचलण्याआधी बोल्टचे पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरवा. मी एकदा घाईत थेट मशीन लावलं. बोल्ट तिरका शिरला, टी-नटचे (भिंतीच्या प्लायवूडला मागून ठोकलेल्या नटाचे) आटे गेले आणि नट प्लायमागे बोल्टबरोबरच गरगर फिरायला लागला. आत जाईना, बाहेर येईना. शेवटी बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवलं, भिंतीमागच्या सांगाड्यात अंग चोरून शिरलो आणि नवा नट ठोकला. दहा सेकंद वाचवायला गेलो, अख्खी दुपार गेली.

डब्यात बोल्ट मिसळू देऊ नका. एम १० (१० मिमी व्यासाचा) आणि ३/८ इंची बोल्ट दिसायला भावंडं, पण दुसरा जेमतेम ९.५ मिमीचा आणि त्याचे आटेही वेगळे. चुकीच्या नटात तो दोन फेरे गोडीत जातो, मग अडतो किंवा आटे खातो. लांबी बघायची तर होल्डच्या पाठीतून बोल्ट निदान प्लायच्या जाडीइतका बाहेर यायला हवा.

होल्ड भिंतीला टेकला की मशीन थांबवा आणि शेवटचा पीळ अ‍ॅलन कीने हाताने द्या. जास्त आवळलात तर होल्ड तडकतो, कमी आवळलात तर फिरतो. स्लोपर (कडा नसलेला गोलसर, उतरता होल्ड) जरा जरी फिरला तरी रूट, म्हणजे होल्डांनी आखलेला चढाईचा मार्ग, बदलतो. सकाळी सोपा असलेला रूट संध्याकाळी कुणालाच जमत नाही आणि शिव्या रूट लावणाऱ्या सेटरला. म्हणून होल्डला बोल्टच्या भोकाखेरीज लहान भोक असेल तिथे एक लाकडी स्क्रू मारायचाच. शिवाय मी होल्डच्या कडेवरून भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ ओढतो. रेघ तुटली की होल्ड हलला.

रूट काढला की होल्ड धुवा. त्यावर साचलेला चॉक (पकडीसाठी हाताला लावायची पूड) म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात ते फसफसून सुटतं. मग नायलॉनचा ब्रश, तारेचा नको. भरपूर पाण्याने खळबळा, नाहीतर भोकातली वॉशर गंजते. कढत पाणी मात्र टाळा. पॉलियुरेथेनचा होल्ड त्याने वाकतो, पाठ सपाट बसत नाही, आणि मग कितीही आवळा, तो फिरणारच.

वाळल्यावर प्रत्येक होल्ड दुसऱ्यावर हलकेच वाजवून बघा. ठणठणीत वाजला तर कपाटात, भदभदला तर उजेडात धरून तडा शोधा. तडा दिसला की सरळ कचऱ्यात, कितीही आवडता असला तरी.