घाणेरडी हॉरर म्युझिकल लिहिताय? मग जोक कुठे थांबवायचा ते बघा

रक्त, उलटी, संडास आणि वर गाणी असलं काहीतरी लिहायला घेतलं असेल, एकांकिका असो नाहीतर शॉर्टफिल्म, तर आधी बघा की गाणं नक्की कशावर लिहिताय. किळस दोन-तीन सेकंदात ओसरते आणि गाणं चालतं तीन मिनिटं, त्यामुळे नुसत्या किळसेवर लिहिलंत तर दुसऱ्या कडव्याला पब्लिक मोबाईल काढणार. पात्राला काय हवंय त्यावर गाणं लिहा, घाण मधेमधे येऊ दे. 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या माणसं खाणाऱ्या झाडाच्या म्युझिकलमधला डेंटिस्ट बघा, लोकांना दुखवायला मजा येते म्हणून या धंद्यात आलो हे तो इतक्या खुशीत गातो की हसू आवरत नाही, आणि पुढे त्याचे तुकडे करतात तेव्हा १९८६ च्या फिल्ममध्ये कुऱ्हाड नुसती सावलीत दिसते, बाकीचं आपणच डोक्यात रंगवतो.

मग बघा खेचताय कोणाची. ट्रोमा या स्वस्तातल्या हॉरर फिल्म काढणाऱ्या कंपनीच्या लॉइड कॉफमनच्या 'पोल्ट्रीगाइस्ट' या फिल्ममध्ये नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या दफनभूमीवर चिकनचं फास्टफूड दुकान उघडतात आणि कोंबड्या झोंबी होऊन उठतात. कंपनीच्या हावरटपणावर जोक येतो तेव्हा धमाल, पण जाड्या माणसाला संडासात बसवून ताणतात तेव्हा, मला तरी, बोअर झालं. साधी टेस्ट आहे: जोकमधली घाण काढून टाका, खाली काही उरलं तर ठेवा, नाहीतर कट.

आवडत्या पात्राला मारणं हे सगळ्यात अवघड. 'लिटल शॉप'च्या नाटकात ते झाड हिरो-हिरोईन दोघांना खातं आणि चालून जातं, कारण शेवटी नट परत येऊन वाकून नमस्कार करतात. फिल्ममध्ये तेच केलं तर टेस्ट स्क्रीनिंगला, म्हणजे रिलीजआधी लोकांना दाखवून बघतात तेव्हा, थिएटर थंड पडलं, दिग्दर्शक फ्रँक ऑझला सुखी शेवट परत शूट करावा लागला आणि मूळ शेवट नीट बघायला मिळाला तो थेट २०१२ च्या ब्लू-रेवर. म्हणून तालमीला अनोळखी माणसं बोलवा, मित्र काय, कशालाही हसतात.

स्टेजवर रक्त उडवणार असाल तर 'ईव्हिल डेड'च्या म्युझिकलसारखं करा, पुढच्या काही रांगा भिजण्यासाठीच ठेवा आणि तिकीट देतानाच सांगा. आणि हो, साखरेच्या पाकाचं रक्त केलंत तर स्टेज आधी निसरडं होतं मग चिकट, तेव्हा रक्ताच्या सीननंतर लगेच ग्रुप डान्स ठेवू नका.